नेमाजी मोजणीदाराच्या तीन खेपा

एकदा काय झालं, दोन राजे जेवणावरून रुसले. हसू नका. राजा झाला म्हणून काय झालं, रुसायला अक्कल थोडीच लागते?

एक होता डोंगरराजा. त्याच्या देशात नुसते डोंगर. तांबडी माती, नाचणीची शेतं, आणि सकाळी धुकं एवढं की शेजारणीला हाक मारावी तर भलतीच ओ द्यायची. त्याच्या शेजारी होता माळराजा. त्याच्याकडे सगळं सपाट. काळी माती, जोंधळा, आणि पाहुणा दिसल्यावर पीठ दळायला बसलं तरी भाकरी वेळेवर व्हायची, इतक्या लांबून दिसायचा तो. समुद्र मात्र दोघांकडेही नाही, बरं का. चारी बाजूंनी जमीनच जमीन. चूळ भरण्यापुरतासुद्धा समुद्र नाही.

दोन देशांच्या शिवेवर देवीचं देऊळ होतं. उत्सवाची पंगत मांडली. पहिलं पान कोणाचं? डोंगरराजा म्हणाला, "माझा देश मोठा, पहिलं पान माझं." माळराजा म्हणाला, "छट्, माझा मोठा." झालं! दोघं उपाशी उठले आणि मधल्या वेशीला कुलूप घातलं. देश मोजल्याशिवाय दार उघडायचं नाही म्हणे!

आता मोजायचं कोणी? तर डोंगरातल्या नेमाजी मोजणीदारानं. दोन्ही राजांचा विश्वास त्याच्यावर, आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं. त्याची एकुलती एक लेक, गोजरा, दिलेली होती माळावर, वेशीच्या पलीकडे. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. गोजराला आई नव्हती, म्हणून नेमाजीनं आपल्या हातानं डिंक कुटून ठेवला होता. आणि इकडे दाराला कुलूप! मोजणीपुरतं एकट्या नेमाजीला सोडायचे, लेकीला बरोबर आणू द्यायचे नाहीत. हं म्हण गं चिंगे, मी काय भिंतीला सांगतेय?

मग नेमाजी निघाला मोजायला. डोंगरातला कोस म्हणजे काय, तर विडा तोंडात टाकून चालायला लागायचं, विडा संपला की कोस संपला. माळावरचा कोस निराळा. गाय हंबरली की जिथवर ऐकू येईल तिथवर एक कोस. नेमाजीची जीभ लालभडक झाली, गायीचा घसा बसला. वाटेत लेकीचं घर लागलं. गोजरा दारातच उभी. "आबा, मला कधी नेताय?"

"एवढं मोजलं की लगेच, पोरी."

मोजणी झाली. डोंगरदेश शंभर कोस, माळदेशही शंभर कोस. नेमाजीला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! डोंगरराजा म्हणाला, "आमचा देश घडी घातलेला आहे. घडीचं लुगडं काय लहान असतं? उलगडून मोज." माळराजा म्हणाला, "तुझी गाय फार मोठ्यांदा ओरडली. कोस लांब पडले, म्हणून आमचा आकडा घटला. जरा हळू हंबरणारी गाय आण." नेमाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

मग राजांनी नवीन टूम काढली. नदी ज्याची, त्याचा देश मोठा! डोंगरराजा म्हणाला, "उगम माझ्याकडे, नदी माझी." माळराजा म्हणाला, "तुझ्याकडे ती थांबते कुठं? पळत सुटते. माझ्याकडे कशी ऐसपैस राहते!" मग नेमाजी नदीच्या काठाकाठानं चालला. पाय सुजले. गोजराला आठवा लागला होता. ती म्हणाली, "आबा, मला कधी नेताय?"

"हे शेवटचं, पोरी." आणि निघाली काय मोजणी? डोंगरात सात धबधबे, माळावर सात वळणं. पुन्हा बरोबरी. पुन्हा राजांची तोंडं दोन दिशांना.

मग काय म्हणावं या शहाण्यांनी? "समुद्र ज्याला जवळ, त्याचा देश मोठा! नेमाजी, समुद्रापर्यंत मोजून ये." अरे, दोघांच्या सात पिढ्यांत समुद्र कोणी पाहिलेला नाही! जाऊन यायला सहा महिने. आणि गोजराचा नववा सरत आलेला.

नेमाजी लेकीचा निरोप घ्यायला गेला. या वेळी गोजरानं काही विचारलं नाही. चार भाकऱ्या फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या आणि तोंड फिरवून उभी राहिली. नेमाजीनं तिचा हात धरला आणि समुद्राकडे न जाता सरळ वेशीकडे चालू लागला. तिला दाराशी बसवलं, आपण पलीकडे देवळात गेला, आणि दोन्ही राजांना तिथं बोलावून घेतलं.

म्हणाला, "महाराज, मी समुद्रावर जाणार नाही. मान कापा, पण जाणार नाही. मला एवढंच सांगा, पंगतीत पोटुशी बाई असली तर पहिलं पान कोणाचं?"

"तिचं!" दोघं एकदमच म्हणाले. अहो, ते दोन्ही देशांत तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

"मग माझी गोजरा दाराआड उपाशी बसलीय. तिला आत घ्या आणि जेवायला वाढा. दुसरं पान कोणाचं, ते मग भांडत बसा."

शास्त्र मोडायची छाती कोणाची? कुलूप काढलं, दार उघडलं, देवळात पुन्हा पंगत मांडली. गोजरा पहिल्या पानावर बसली आणि तिनं वरणभात दोनदा मागून घेतला. तिचं बघून दोघा राजांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. मग कुठलं दुसरं पान नि कुठला मान, जागा मिळाली तिथं दोघं शेजारी शेजारी बसून जेवले.

गोजरानं हात धुतले आणि बापाबरोबर माहेरची वाट धरली. चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. नेमाजी नातीकडे बघून इतका रडला की सुईणीनं त्याला बाहेर घालवलं.

राजे म्हणाले, आता दार लावा. पण बाळंतीण परत सासरी जायची होती ना? म्हणून उघडं ठेवलं. ती गेली, तोवर माळावरची एक लेक डोंगरात पोटुशी होती, ती माहेरी निघाली. मग तिसरी, मग चौथी. त्या वेशीतून सतत कोणाची तरी लेक येतच होती किंवा जातच होती. ते दार काही पुन्हा लागलं नाही. दोन्ही देश सुखानं नांदले.

आणि तू रे, चिंगीच्या पलीकडचा, काय म्हणालास? मग देश कोणाचा मोठा? घ्या! एवढं सगळं सांगितलं आणि हा हे विचारतोय. तुलाही राजाच करायला हवं. चल, कुशीवर वळ, गोधडी ओढ आणि डोळे मीट बघू.