आगोरावरचा सडा

"…तर मग ह्याला गाव म्हणायचं का तापल्याला तवा? तुम्हीच सांगा बाबा!"

केसरनाथबाबा खेजडीच्या झाडाखाली बसून उंटाच्या केसांचा दोर वळत होते. मांडीवर पीळ द्यायचा, पुढं सरकवायचं. पुन्हा पीळ.

बळवंततात्या सूर्यवंशी समोर उकिडवे बसले होते. शेजारी पिशवी. पिशवीत दोन धोतरं, एक सदरा, वाटेत खायला भाकरी आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट.

तात्या कृष्णाकाठचे. बायको गेली, घराला कुलूप लागलं, आणि एकुलता एक पोरगा हिंदुराव त्यांना इकडं बिकानेरला घेऊन आला. हिंदुरावचं सराफ बाजारात गलाईचं दुकान. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. सांगलीकडची माणसं त्या धंद्यापायी कुठंकुठं जाऊन बसलीत, त्यातलाच हा एक.

बाबा ह्या वाळूतलेच. पण त्र्यंबकहून दक्षिणेत पायी जाणाऱ्या नाथांच्या जथ्यात ते तरुणपणी चालले होते, त्यामुळं मराठी बोलायचे. म्हणून अडलं-नडलं की गलाईवाले शहराबाहेरच्या त्यांच्या कुटीवर यायचे.

अडलेला माणूस सल्ला विचारतो म्हणतात. खोटं आहे. त्याचं मनात ठरलेलं असतं, कुणीतरी मान डोलवायला पाहिजे असतं. तात्याही त्यासाठीच आले होते.

"बरं," बाबा म्हणाले. "आणखी काय?"

"आणखी? वारा सुटला की दाताखाली वाळू. भाकरीत वाळू, च्यात वाळू. थंडीत हाडं गोठत्यात, आता कातडं सोलून निघतंय. एक काय ते ठरवा म्हणावं!"

"कुणाला म्हणू?"

"ते तुम्ही बघा. आन् अंघोळीचं ऐका. खाटेवर बसायचं म्हणे. खाली परात. वरनं तांब्यानं घ्यायचं, परातीत साठलं की ते गाईला! माझ्या अंगाचा मळ धुतल्यालं पाणी गाय पिती बाबा. गाय! हे पाप कुठं फेडू?"

"गाईची काही तक्रार आहे?"

"थट्टा नको. आम्ही नदीची माणसं. वाहत्या पाण्यात बुडी मारायची, वर यायचं. कुणाचं उष्टं न्हाई, कुणाचं खरकटं न्हाई."

"नदीला तुमच्या वरच्या अंगाला गाव आहे?"

"हाय की. एक का, धा हायती."

"ती माणसं अंघोळ करतात?"

"तर! म्हसरं बी धुत्यात."

"आणि तुम्ही पाणी कुठलं प्यायलात?"

"नदीचं…" तात्या थांबले.

दोराचा पीळ पुढं सरकला.

"वाहत्या पाण्याला दोष नसतो," तात्या म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

"नसतो," बाबा म्हणाले.

त्या 'नसतो'चं काय करायचं ते तात्यांना कळेना. समोरच्यानं भांडण उचललं तर माणसाला जोर येतो. बाबा उचलतच नव्हते.

"तुम्ही इथं कधी आलात?"

"दिवाळी करून."

"आता जेठ चाललाय. वाळू तेव्हाही होती. खाट होती, परात होती, गाय होती…" बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तिकीट आत्ताच का?"

तात्या वाळूत बोटानं रेघा ओढायला लागले.

"सून काही बोलली?"

"तिचं नाव काढू नका. शालन लेकीगत करती माझं."

"पोरगा?"

तात्यांनी पिशवीचा बंद सोडला. पुन्हा बांधला.

"पोराला हात जोडाय लागले बाबा. माझ्यापायी. समद्या गल्लीम्होरं."

झालं होतं ते असं.

तात्यांची बायको हौसाबाई रोज तांबडं फुटताना अंगणात शेणाचा सडा घालायची. जन्मभर. सड्याआधी त्या घरात कधी चूल पेटली नाही. ती गेल्यावर तात्या स्वतः सडा घालायला लागले. लोक हसले, म्हणाले, म्हातारा बायकी कामं करतो. तात्या म्हणाले, हसा.

बिकानेरला आल्यावर ते राहिलं. हिंदुरावच्या दारात नुसती वाळू. वाळूवर सडा कसला घालता?

मग ह्या आठवड्यात तिचं वर्षश्राद्ध आलं. पहाटे उठल्यावर तात्यांना चैन पडेना. गल्लीच्या टोकाला त्यांनी एक जागा बघून ठेवली होती. चुन्यानं लिंपलेली, गोल, चहूकडून मध्ये उतरत गेलेली, झाडून लख्ख. कुणी तिच्यावर पाऊल टाकत नाही, पोरं खेळत नाहीत, कुत्रं टेकलं तर म्हाताऱ्या काठी घेऊन धावतात. एवढं देखणं अंगण आणि त्यावर सड्याचा थेंब नाही! ह्या लोकांना रीतच नाही, असं तात्या मनाशी कितीदा म्हणाले होते.

त्यांनी शेजारच्या गाईचं शेण आणलं, बादलीत कालवलं आणि त्या अंगणावर ऐसपैस सडा घातला. हौसाबाईचं नाव घेऊन घातला.

ते अंगण नव्हतं. तो आगोर होता.

मध्ये झाकलेलं कुंड, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी. तिच्याभोवतीची ही लिंपलेली उतरती जमीन म्हणजे आगोर. पाऊस पडतो तो आगोरावर, उतरून जातो तो कुंडात, आणि तेच पाणी गल्ली पुढच्या पावसापर्यंत पुरवून पुरवून पिते. आगोरावर चपलेनं जायचं नाही, थुंकायचं नाही. रांगतं पोरही तेवढं जाणतं. तात्या जाणत नव्हते. विचारायचा स्वभाव नव्हता.

सड्याचे ओघळ उताराला लागले आणि कुंडाच्या कडेला पाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून सरळ आत गेले.

गल्लीतली थोरली म्हातारी गवरामां. तिनं ते बघितलं आणि अशी ओरडली की माणसं झोपेतनं उठून आली. होतं नव्हतं ते पाणी उपसून गुरांपुढं ओतावं लागलं. ऐन ज्येष्ठात. बायका घागरी घेऊन लांबच्या नळावर जायला लागल्या. त्यांच्यात शालनही. आणि हिंदुराव… सराफ बाजारात ज्याच्या शब्दावर लोक सोनं सोडून जातात, तो हिंदुराव दारोदार हात जोडत फिरला.

तात्या तेव्हा घरात, भिंतीकडं तोंड करून बसले होते.

त्या दिवसापासून ते बाहेर पडले नव्हते. आज पडले ते पिशवी घेऊनच.

"गावात माझ्या शब्दाला किंमत हुती बाबा," तात्या म्हणाले. "भाऊभावकीची भांडणं मी तोडायचो. आन् हितं… लहान पोरगं चुकलं असतं तर त्याला मारून सोडलं असतं. माझं काय करायचं? मी हितं ऱ्हायलो तर पोरगं जन्मभर खाली मान घालून चालंल. जातो. तुम्ही एवढंच म्हणा, की जा."

"गावाकडं कोण आहे?"

"कुलूप हाय."

बाबांनी दोर खाली ठेवला.

मग उठले आणि कुटीच्या मागं गेले. बराच वेळ आले नाहीत. तात्यांना वाटलं, कंटाळले. म्हाताऱ्याचं रडगाणं किती ऐकायचं माणसानं?

बाबा आले ते हातात बादली घेऊन. बादलीत कालवलेलं शेण.

"चला."

"कुठं?"

"तुमच्या घरधनिणीचं काम अर्धं राहिलं ना? माझ्याकडंही एक अंगण आहे."

कुटीच्या बाजूला बाबांचं कुंड होतं. मेंढ्यांच्या मागं फिरणारी माणसं, वाट चुकलेले, दर्शनाला आलेले, सगळे तिथलंच पाणी प्यायचे. भोवतीचा आगोर उन्हात धुतल्या कपड्यासारखा पांढरा दिसत होता.

तात्यांना वाटलं, थट्टा आहे.

बाबांनी जोडे काढले. आगोराच्या कडेला गेले.

तात्यांना वाटलं, आता थांबतील.

बाबांनी हात बादलीत बुडवला. पसा भरून वर उचलला. बोटांच्या फटीतनं हिरवं पाणी निथळायला लागलं…

"रे आंधा!"

तात्या कधी उठले, कधी धावले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी बाबांचं मनगट धरलं आणि ओरडले, "आंख्यां फूटगी कांई? पीवण रो पाणी है, पीवण रो!"

आणि नुसतं ओरडून थांबले नाहीत. साधू बघितला नाही, जटा बघितल्या नाहीत. बखोटीला धरून बाबांना फरफटत मागं आणलं, ते थेट कुटीच्या दारापर्यंत. तिथं दोघांचे पाय एकमेकांत अडकले आणि बादली उलटली. तात्यांच्या धोतरावर शेण, बाबांच्या दाढीवर शेण.

दोघंही धापा टाकत उभे.

"कुणाचं पाणी?" बाबांनी विचारलं.

"कुणाचं म्हंजी? आपलं!"

…

तात्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मारवाडीचा एक शब्द आपल्याला येत नाही, असं ते जगाला सांगत फिरायचे. आत्ता तोंडातनं निघालं ते, डोळे फुटले काय, प्यायचं पाणी आहे, हे शब्द न् शब्द गवरामांचं होतं. हेल सुद्धा तिचाच.

आधी बाबा हसले. दाढीतनं थेंब गळतोय आणि जोगी पोट धरून हसतोय. मग तात्यांच्या पोटातनं काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं रडू आहे, पण निघालं हसूच. हसता हसता ते वाळूत बसले. बसून हसले. डोळ्याला पाणी आलं ते पुसायला गेले तर गालाला शेण लागलं, त्यावर आणखी हसले. किती तरी दिवसांनी छातीत वारा शिरल्यासारखं झालं.

हसू ओसरल्यावर त्यांची नजर खाली गेली.

कुटीच्या दारात, वाळूवर, सडा पडला होता.

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. वारा थोडा पडला होता.

"दाट झाला," तात्या हळू म्हणाले. "ती पातळ कालवायची."

"पुढच्या खेपेला तुम्ही कालवा."

तात्यांनी मान हलवली. मूठभर वाळू घेतली आणि हात घासायला लागले. घासता घासता थांबले.

"पर बाबा, त्या म्हातारीला तोंड कसं दावू? तुम्हाला म्हाईत न्हाई ती काय काय बोलली. आंधळा म्हणाली. रेडा म्हणाली. माझ्या सासूपतोर गेली!"

"सासूपर्यंत?"

"तर! मेल्याली सासू माझी. तिला बी सोडली न्हाई."

बाबांनी दाढी पुसली. चेहऱ्यावर चक्क हेवा होता.

"मला तिनं एकदाही शिवी दिली नाही."

"तुम्हाला कशाला दील?"

"माझे केस काळे होते तेव्हापासून तिच्या दारावरून जातोय. 'पधारो महाराज, बिराजो महाराज.' या, बसा. संपलं. एकदा तिची हंडी फोडली माझ्या हातानं. तरी 'बिराजो महाराज'." बाबांनी उसासा सोडला. "जोगी म्हणजे परका. आज आहे, उद्या नाही. आणि परक्याला इथं कुणी शिवी देत नाही. पाणी पाजतात आणि वाटेला लावतात."

तात्यांनी मुठीतली उरलेली वाळू खाली सोडली.

मग उठले. धोतर झटकलं, पण गाव सोडून निघणाऱ्याचं ते झटकणं नव्हतं. खेजडीखालची पिशवी उचलली, आत हात घालून भाकरीचं गाठोडं काढलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या. शालननं वाटंला म्हणून बांधून दिलती. बांधताना रडत हुती पोर… हितनं गल्लीपतोर जायला येवढ्या भाकरी कशाला?"

बाबांनी गाठोडं सोडलं. एक भाकरी मोडून तोंडात घातली. वाळूची कचकच झाली असणार, पण ते चावत राहिले.

"निघतो बाबा," तात्या म्हणाले. "म्हातारी दुपारची वट्ट्यावर बसलेली असती. आत्ताच जातो, न्हाईतर पुन्हा धीर व्हायचा न्हाई." त्यांनी पिशवी खाकेला मारली. "बोंबलून बोंबलून घसा सुकला बघा. जरा पाणी द्या की."

बाबांनी दोर पुन्हा मांडीवर घेतला होता. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"हात काय गावाकडं ठेवून आलास? कुंडावर दोर आहे, पोहरा आहे. ओढ की!"