चाळीस माड्यांचा मानकरी

नव्या पेठेतल्या चाळीस घरांना एकाच सकाळी कुलपं लागली! घरं गहाण होती, हप्ते थकले, आणि गुमानशेठ सावकाराची माणसं दारं बंद करून किल्ल्या खुळखुळवत निघून गेली. देव्हारे, पाळणे, पोरंबाळं, सगळं रस्त्यावर!

तेवढ्यात भूपाल महाराजांची स्वारी तिथून निघाली. रस्त्यात पाळणा आडवा आला, घोडा थांबला आणि महाराज खवळले. "हा दोष कुणाचा? बोलवा सगळ्यांना दरबारात!"

मग काय विचारता! सावकार म्हणाला, "मी नुसते पैसे दिले. घरांच्या किमती फुगवल्या त्या पारखी हरबाजीनं!"

हरबाजी म्हणाला, "माड्या चढवायचा हुकूम प्रधानजींचा. मी बापडा काय करणार?"

प्रधान त्र्यंबकपंतांनी मिशीवरून हात फिरवला. "दोष या लोकांचाच. झेपत नव्हतं तर घ्यायचं कशाला?"

महाराज वैतागले. "बस्स! दिवस मावळायच्या आत कुणीतरी स्वतःच्या तोंडानं 'मी केलं' म्हणा. नाहीतर चाळीसही कुटुंबं वेशीबाहेर!"

आता आली का पंचाईत! अहो, घरात दूध उतू गेलं तरी कुणी कबूल होत नाही, आणि इथं तर दरबार! पेठेतल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढं आली ती एकटी भिवरा बुरुडीण. टोपल्या-सुपं विणून पोट भरणारी बाई. तिच्या दोन्ही लेकी सकाळपासून रस्त्यावर उपाशी बसल्या होत्या, त्यामुळे भीती वाटायलाही तिला सवड नव्हती.

"महाराज, मी कबुली मिळवते. फक्त माझ्या पद्धतीनं विचारू द्या."

"विचार! पण फसलीस तर वेशीबाहेर पहिली तू!"

भिवरा बाहेर गेली आणि झेंडूचा हा एवढा जाड हार घेऊन आली.

"महाराज, कबुलीचं नंतर बघू. आधी एक मान द्यायचा राहिलाय. आमची पेठ म्हणजे नुसती झोपड्यांची रांग होती. आज बघा, चाळीस कौलारू माड्या! परगावचे लोक तोंडात बोटं घालतात. हे ज्याच्यामुळे झालं, त्याच्या गळ्यात हा हार घालायचाय. कोण तो?"

"मीच की!" सावकार उडी मारून पुढं आला. "कमाई किती, फेडणार कसं, एका शब्दानं विचारलं नाही. मागेल त्याला दिले, न मागेल त्यालाही दिले!"

"हो, पण माझ्यामुळे!" हरबाजी ओरडला. "शंभराचं घर मी दोनशेचं ठरवलं!"

"सरका बाजूला!" प्रधानजींनी दोघांना ढकललं. "माडी नसेल त्याला दंड, हे फर्मान माझं!"

महाराज खाकरले. "पंत, नगरीला शोभा आणायची कल्पना मूळची आमची, बरं का!" आणि त्यांनी मान पुढं केली.

भिवरानं हार काही घातला नाही. हात जोडून म्हणाली, "झाली कबुली, महाराज! एक मागितली होती, चार मिळाल्या. पाचवी माझी. शेजारणीच्या माडीला सज्जा दिसला म्हणून मीही सज्जा काढला."

प्रधानजींनी मान खाली घातली. महाराजांची मान मात्र अजून पुढंच होती. ती त्यांनी हळूच मागं घेतली आणि ते एकदम खो खो हसत सुटले.

"माझे पैसे?" सावकार कळवळला.

"शेठजी, माझा बांबू, माझा कोयता तुमच्या कुलपात! रस्त्यावर बसून काय विणू, वारा? दार उघडा, टोपल्या विकीन तशी फेडीन."

"उघडा सगळी कुलपं!" महाराजांनी हुकूम सोडला. "फुगवलेली किंमत पारखी भरेल, दंड खजिन्यातून परत जाईल, उरलेलं लोक सवडीनं फेडतील! आणि भिवरा, तुला गाडीभर बांबू. आणखी काय हवं ते माग!"

"मागू? रागवायचं नाही हं!"

"नाही रागावत."

"मग एवढंच करा, महाराज. आमच्या पेठेला पुन्हा शोभा आणू नका!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की शेवटी सिंहासनाचा हात धरून बसावं लागलं!