बुधवारचं मैदान

आमच्या गावाचं अजून शहर झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. दर बुधवारी मैदानात बाजार भरायचा. आईचा पदर धरून मी जायची. तिथला गुळाचा आणि सुक्या बोंबलांचा वास अजून माझ्या नाकात आहे. ठकूमावशी तीस वर्षं तिथं सुकट विकायची. तिची चूल त्यावरच पेटायची.

पुढं एका परदेशी कंपनीनं त्या मैदानावर बारा मजली इमारत बांधायचं ठरवलं. पालिकेचे गायतोंडेसाहेब कंपनीच्या परदेशी पाहुण्याला आणि त्याच्या दुभाष्याला घेऊन जागा दाखवायला आले, तेही सोमवारी. इथं बाजार भरतो, हे सांगायला आम्ही बायका धावलो.

"कुठाय तुमचा बाजार?" साहेब हात पसरून म्हणाले. "चिटपाखरू नाही इथं. मी कागदावर लिहिलंय, जागा रिकामी."

ठकूमावशीनं पदर खोचला. "साहेब, रविवारी तुमची कचेरी रिकामी असते ना?"

"असते. मग?"

"मग येत्या रविवारपासून तुमच्या टेबलावर आम्ही सुकट वाळत घालतो. रिकामीच तर जागा!"

दुभाष्याला हसू आवरेना. पाहुण्यानं खोदून विचारलं, तेव्हा त्याला सगळं सांगावंच लागलं. पाहुणा म्हणाला, "आपण बुधवारी परत येऊ."

बुधवारी त्याला पाय ठेवायला जागा मिळेना.

इमारत झालीच म्हणा. एवढा पैसा काय परत जातो होय? पण ती खांबांवर उभी राहिली आणि खालची जागा बाजाराला सुटली.

ठकूमावशी आता नाही. तिच्या जागेवर मी बसते. वरचे लोक कुरकुरतात, सुकटीचा वास बाराव्या मजल्यापर्यंत येतो म्हणून. येऊ दे! तो त्यांच्या आधीपासून इथं राहतो.