फोटोतल्या म्हशीचा चारा

एका गावी राहत होती हौसा, तिचा नवरा रखमाजी, आणि गोठ्यात नुसतं रिकामं दावं. म्हशीसाठी हौसाने पाटल्या मोडल्या. रखमाजीने फोनवर म्हशीचा फोटो पाहिला. विकणारा म्हणे फौजेतला मोठा साहेब. आधी पैसे मागत होता.

"अहो, न बघता देऊ नका," सांगून सांगून हौसा थकली.

"अगं, एवढा साहेब फसवेल का?"

शेवटी तिनेच फोन घेतला. "साहेब, तुमची म्हैस चालत आमच्या दारी आली की! लई खाते. आधी चाऱ्याचे हजार धाडा."

साहेब खेकसला, "अनोळखी बाईला न बघता पैसे देऊ? खुळा समजलीस?"

हौसाने फोन रखमाजीच्या कानाला लावला. "हेच जरा आमच्या धन्यांना सांगा."

पुढच्या बाजारी हौसाने स्वतः धार काढून म्हैस घेतली. घरात दूधतूप आलं, आणि हौसाचा शीण उतरला.