दारात उभा मंत्री

अप्पाला नुसती तूर जोखता येती, असं परत बोलू नको म्हणावं त्या इरण्णाला! निंबळगावच्या पेठेत भुसाराचं दुकान चालवणारा आपला गुरुलिंगअप्पा खासदार होऊन दिल्लीला गेला, तो काय पाट्या टाकायला?

वर्षामागं आपल्या ठेसनात गाडी थांबायची बंद झाली आन भाजीवाल्या बायांचा लातूरचा बाजार बुडाला. अप्पानं थेट रेल्वेमंत्र्याला गाठलं. मंत्री मिशीत हसला.

"अप्पाजी, वर्षभरात तुमच्या स्टेशनवरनं एकही माणूस गाडीत चढलेला नाही. मग गाडी थांबवू कुणासाठी?"

अप्पाचं टकुरं असं तापलं! पण दुकानदार माणूस, गिऱ्हाइकावर वरडत नसतोय. "बरं," म्हणला, "रविवारी घरी जेवायला तरी या."

रविवारी मंत्री आला, तर दाराला आतनं कडी. हाका मारून मारून त्याचा घसा बसला. शेवटी अप्पानं खिडकी उघडली.

"जेवायला कुणी आत आलंच न्हाई, साहेब. म्हणून पानं उचलली."

"अहो, मी केव्हाचा दारात उभा आहे! तुम्ही दार उघडल्याशिवाय आत येऊ कसा?"

"आमच्या बायाबी फलाटावर अशाच उभ्या हायत," अप्पा म्हणला आन कडी काढली.

मंत्री आधी लालबुंद झाला, मग खो खो हसत पाटावर बसला. शेंगाची चटणी दोनदा मागून खाल्ली. महिन्याभरात गाडी थांबाय लागली.

त्याच गाडीनं इरण्णा लेकीकडं जातोय, आन तेबी फुकट. जा, आत्ताच्या आत्ता त्याला तिकीट काढाय लाव.