मोरेश्वरशास्त्र्यांनी आव्याला भोक पाडले त्याची कथा

श्रोतेहो, वडझिरे गावी येसनाथ महाराजांचा मुक्काम होता. महाराज कोड्यात बोलत, आणि त्यामुळे मोरेश्वरशास्त्र्यांचे डोके उठे. साधा प्रश्न विचारावा, तर उत्तर असे यायचे:

बीज पेरिले विस्तवात । पीक आले सावलीत ।
माय नाही जन्मा आली । लेक पाणी भरी ।।

"सरळ बोलायला काय दाम पडतो का?" असे म्हणत शास्त्रीबुवांनी तीन दिवस खपून या पदाचा अर्थ काढला आणि देवळाच्या भिंतीवर लावला: 'मडके भाजल्यावर त्यात पाणी भरावे.' गावकऱ्यांनी वाचले. "हे तर आम्हांला ठाऊकच होतं," म्हणाले आणि पद म्हणायचे सोडून घरी गेले. आभार कोणीच मानले नाहीत.

एकटा भिवबा कुंभार चिखल तुडवताना ते पद म्हणतच राहिला.

"अरे, भिंतीवर अर्थ लावलाय ना! मग अजून का म्हणतोस?"

"तुमचा अर्थ एकदा कळला की संपतो, शास्त्रीबुवा. ह्यो रोज थोडा कळतो, रोज थोडा उरतो."

"गाढवाला गीता!" शास्त्री फणफणत निघून गेले.

घटस्थापनेला दोन दिवस उरले. अख्ख्या गावाचे घट भिवबाच्या आव्यात, म्हणजे मडक्यांच्या भट्टीत, भाजत होते; वर गवत, शेण, राख आणि ओल्या मातीचा लेप. आवा आपोआप निवेपर्यंत आत डोकवायचे नाही, ही कुंभारांची रीत. या वेळी घट बिघडले, तर देवीपुढे काय मांडायचे? म्हणून भिवबा आव्यापासून हलत नव्हता.

तिथे शास्त्री येऊन उभे राहिले. "आत काय झालंय?"

"ठावं न्हाई."

"तुझा आवा, आणि तुला ठाऊक नाही? उघडून बघ की!"

"वारं लागलं तर तडकतील, बुवा."

"सगळं झाकलेलं! तुझं मडकं झाकलेलं, तुझ्या महाराजांचं बोलणं झाकलेलं! या गावात एक तरी गोष्ट उघडी असावी की नाही?" असे म्हणून शास्त्रीबुवांनी हातातली काठी लेपात खुपसली.

आतून आवाज आला. टण्ण. मग टण्ण, टण्ण. भिवबा डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. शास्त्रीबुवांच्या मात्र आयुष्यात प्रथमच एक गोष्ट आपोआप ध्यानात आली, आणि ती फार वाईट होती.

तेवढ्यात महाराज आले. त्यांनी अंगावरची घोंगडी काढून त्या भोकावर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "भिवबा, पद म्हण. शास्त्रीबुवा, तुम्हीही म्हणा."

"मी? त्याचा अर्थ मी भिंतीवर—"

"तो भिंतीला कळला. तुम्ही म्हणा."

दुपार कलली. धुरात ठसकत, घाम पुसत, मनातल्या मनात चरफडत शास्त्री म्हणत राहिले. शंभरदा झाले. 'माय नाही जन्मा आली' म्हणताना एकदा त्यांचा आवाज अडखळला. आपण इतकी वर्षे लोकांना शिकवत आलो, आणि आपले शिकणे अजून जन्माला यायचे आहे! पुढच्या खेपेला त्याच ओळीत त्यांना आपली वारलेली आई दिसली. त्याच्या पुढच्या खेपेला काय दिसले, ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.

दिवस मावळायला आला. महाराजांनी घोंगडी उचलली. एक सूतही जळलेले नव्हते! आवा निवलेला पाहून भिवबाने तो उघडला. काय नवल सांगावे! एकही घट फुटला नव्हता. ज्यांना तडा गेला होता, त्यांच्या अंगावर नुसती केसाएवढी रेघ होती आणि टिचकी मारली की ते घंटेसारखे वाजत होते. भिवबाला रडू आवरेना.

"आता सांगा अर्थ," महाराज म्हणाले.

"कुठला सांगू?" शास्त्री वैतागून ओरडले. "सकाळी एक होता, आता पाच आहेत, आणि पाचही खरे आहेत! एक धरावा तर चार रुसतात!"

महाराज हसले. "मग माझं काय चुकत होतं?"

शास्त्रीबुवांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना उठवून अलगद भिवबाकडे वळवले. शास्त्री तिथेही वाकले. भिवबा गडबडून मागे सरकला.

"अवं बुवा, पायाला राख हाय!"

"असू दे रे!" शास्त्री खेकसले आणि त्यांनी कपाळ टेकले.