कातळावरची ओळ

आमच्या आंब्यावरच्या खारीने तिच्या पणजीची ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मला बजावलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी एका रानात मोठा कातळ होता. त्यावर कुणीही गेरूने कुणाचीही माहिती लिहावी, पण डोळ्यांनी पाहिलेलीच, अशी रीत होती. पाणवठ्याचा प्रमुख निवडायला सांबर आणि रानडुक्कर उभे राहिले, तेव्हा डुकराच्या नावाखाली ओळ उमटली, "हा कंद चोरतो."

पणजीखार सांबराच्या बाजूची. तरी तिने विचारलं, "हे पाहिलंय कुणी?" पाहिलेलं कुणीच नव्हतं. तिने शेपटीने ओळ पुसली. "सांबरासारखा दयाळू दुसरा नाही," हेही पुसलं आणि "त्याने वणव्यातून ससे वाचवले," एवढंच ठेवलं.

"खारूताई, तू आमची की त्याची?" माकड खेकसलं.

"मत सांबरालाच देणार. पण कातळ सगळ्यांचा आहे," ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी डुक्कर तिच्या झाडाखाली आलं. "पोरं नुकतीच वाचायला शिकलीत, बाई. कातळावर त्यांनी आधी बापाचंच नाव शोधलं. तुझे उपकार..." एवढं बोलून ते वळलं.

मग निवडणूक झाली, आणि निवडून आलं कोण, तर... थांबा हं, आई हाक मारतेय, मी जरा